बॉल उजवीकडं कावून जातो

शनिवारी सकाळी गायरानात मी बावीस बॉल मारले आणि बावीसच्या बावीस उजवीकडं गेले.

माझ्याकडं बॉलच बावीस होते. पुण्यातल्या क्लबाच्या तळ्यातनं काढलेले, काही पिवळे पडलेले, दोन चिरलेले. स्टिक एकच, पाच नंबरची. एका म्हाताऱ्या मेंबरनं नवा सेट घेतला तेव्हा जुन्यातली एक माझ्या अंगावर टाकली, लोक कुत्र्याला भाकर टाकतात तशी. स्टिक मात्र चांगली होती. भाकरीचा काय दोष?

गोल्फ ज्याला माहीत नाही त्यानं एवढंच ध्यानात धरावं. श्रीमंत माणूस एक लहान बॉल लांबच्या खड्ड्यात घालायला चार तास चालतो आणि त्याची पिशवी गरीब माणूस उचलतो. पिशवी उचलणाऱ्याला कॅडी म्हणतात. सहा वर्षं मी ती उचलली. सोमवारी क्लब बंद असतो, त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. त्या सोमवारांवर मी खेळ शिकलो.

चार वर्षांपूर्वी बाप, धुळाजी, उसाच्या ट्रॉलीखाली गेला. तेव्हापासून दिवाळी झाली की मी पुणं सोडतो आणि मायसंगं ऊसतोडीला जातो. तोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक नवरा-बायको. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही, घेतलाच तर दुसऱ्या अर्ध्याच्या गळ्यात बांधतात. बाप गेल्यावर माय अर्धी राहिली, म्हणून मी जातो. गेल्या सीझनला मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिला दोनदा चक्कर आली. तिसऱ्यांदा ती फळीवरनं खाली आली, मोळी तिच्यावर. आणखी एक सीझन तिला सोसणार नाही, हे मला कळत होतं, तिला कळत होतं. बोलत कुणी नव्हतं.

यंदा क्लबाला कोचच्या हाताखाली एक माणूस पाहिजे होता. कॅडींतलाच. कामासोबत राहायला खोली. मी मनात मायची चूल त्या खोलीत मांडूनसुद्धा टाकली होती.

पण शिवशंकर सरांनी, म्हणजे मोठ्या कोचनी, मला बॉल डावीकडं वळवून दाखव म्हणून सांगितलं आणि माझा एकही वळला नाही. सर म्हणाले, "गहिनीनाथ, तुझ्याकडं एकच फटका आहे, आणि तोही चुकून लागतो. शिकवणाऱ्याला बॉल दोन्हीकडं वळवता आला पाहिजे." मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, म्हणाले, "रविवारी तेलगावला लग्नाला चाललोय. तुझ्या गावावरनं जातो. तीन बॉल बघतो. दोन डावीकडं वळले तर जागा तुझी. नाहीतर दुसऱ्याला देतो, मग रुसायचं नाही."

टोळीची गाडी सोमवारी पहाटे निघणार होती.

आमच्या चकलांब्याच्या गायरानात एक कडूलिंब आहे. त्याच्यापासून साठ पावलं मागं मी उभा राहायचो. लिंबाच्या पार पलीकडं, दीडशे पावलांवर, काठीला खताचं पांढरं पोतं बांधून रोवलं होतं. बॉल लिंबाच्या उजव्या अंगानं निघून हवेत डावीकडं वळायचा आणि पोत्याजवळ पडायचा, एवढंच काम. माझा बॉल उजव्या अंगानं निघायचा आणि आणखी उजवीकडं वळून अर्जुनरावाच्या कपाशीत घुसायचा.

म्हाळू, माझा शाळेतला दोस्त, कपाशीतनं बॉल वेचून आणायचा.

"वेचणीला बायका मिळंनात म्हून अर्जुनराव रडायलाय," म्हाळू म्हणाला. "त्याला सांगू का, मी फुकट वेचतोय म्हून?"

"गप आण."

"आणतो की. पर तू पोतं कपाशीत रोव ना बे. सगळे नेमावर बसतील."

मला हसू आलं नाही. तळहाताला घाम सुटला होता आणि स्टिकचं रबर सरकत होतं.

तेवढ्यात मुकादम परमेश्वर मोटारसायकलवर आला. गाडी बंद न करताच बोलला. "काय बे गहिन्या, सापडंना का?"

"काय?"

"डोकं." स्वतःच हसला. "सोमवारी पाचला गाडी हाय. तुमचा कोयता धरू का नको?"

"उद्या सांगतो."

"उद्या काय लगीन हाय का तुझं? हे बघ, तू पुण्याला जा न्हाई तर दिल्लीला. पर माय मागं ऱ्हायली तर मी तिला सिदूसंगं लावतो. त्याची बायकू बाळंतपणाला माहेरी बसली. त्यो बी अर्धा, ही बी अर्धी."

सिदू दुपारपासनं पितो. गेल्या वर्षी खोपीत त्यानं बायकोचा हात टिकावाच्या दांड्यानं मोडला, साऱ्या टोळीनं ऐकलं आणि साऱ्या टोळीनं कूस बदलली. मीही बदलली. लपवून काय करू?

"माय मागं ऱ्हाणार न्हाई," मी म्हणालो. "माझ्यासंगं येणार हाय."

"आधी बॉल तर येऊ दे तुझ्यासंगं," परमेश्वर म्हणाला आणि गेला.

दुपारी माय भाकरी घेऊन आली. जानकीबाई तिचं नाव, पण टोळीत सगळे जानकामाय म्हणतात. भाकरीसोबत दोन कोयते आणि पाणी लावायचा दगड. सोमवारचा भरवसा तिला माझ्यापेक्षा जास्त होता. लिंबाखाली माझ्याकडं पाठ करून बसली आणि कोयता घासायला लागली. मी मागनं मारत होतो.

सातआठ बॉल झाल्यावर ती म्हणाली, "कावून तोडायलास रे?"

"काय?"

"का तोडायलास म्हणलं. मारंना गेलास."

तिनं वळूनही बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "तुला काय दिसतंय तिकडं तोंड करून?"

"दिसायला कशाला पायजे. खस् आवाज येतोय. ऊस तुटल्यावाणी. तू मोबाईलवर त्या गोऱ्याचा खेळ दावलास, त्याचा टप् येत होता. टाळी दिल्यावाणी." मग ती उठली. "काठी आण."

तिनं स्टिक हातात घेतली, कोयत्याशेजारी धरली. "ह्येला धार हाय. धार पुढं चालती आन् पातं आभाळाकडं बघत जातं. मनगट दाबून धरलं तरच तसं जातं. बरोबर?"

"बरोबर."

"तुझ्या काठीला धार कुठाय? ह्येला तोंड हाय. तोंडानं मारायचं. तू तोंड आभाळाकडं ठिवून ह्या खालच्या काठानं बॉल तोडायलास. मंग त्यो घासून जाणार न्हाई तर काय करल?"

सहा वर्षं सर ओरडत होते, फेस उघडा आहे, फेस बंद कर. फेस म्हणजे स्टिकचं हेच तोंड. बंद करणं म्हणजे उभं राहतानाच स्टिक वळवून धरणं असं मी समजायचो. धरायचो. मारताना मनगट ती परत उघडायचं, आणि मला पत्ताही लागायचा नाही. त्या मनगटाला कोयता माहीत होता. वरनं खाली, बाहेरनं आत, अंगाकडं ओढून. दर हिवाळ्यात दिवसाला हजार वेळा.

"मंग कसं मारू?"

"खोऱ्यावाणी. पाण्याचं बारं मोडताना वाफ्यातली माती उचलून डाव्या अंगाला कशी पालथी करतोस? अंगाजवळनं निघायचं, भाईर टाकायचं, आन् टाकताना खोरं पालथं. न्हाई तर माती खोऱ्यातच ऱ्हाती."

समजलं. लख्ख समजलं. उभा राहिलो, खोरं मनात धरलं, मारला. खस्. उजवीकडं.

परत. खस्.

दहा मारले. डोक्याला समजलेलं मनगटापर्यंत जातच नव्हतं. बॉलजवळ आलो की मनगट आपोआप दाबलं जायचं, दात दाबावेत तसं. मी स्टिक मातीत आपटली.

माय माझ्या पायाकडं बघत होती. "अजून भेतोस व्हय?"

मी नऊ वर्षांचा असताना बापाचा कोयता उचलून फडात घुसलो होतो. डाव्या हातात ऊस, उजव्यात कोयता. मनगट वळलं, पातं उलटलं, उसावरनं घसरलं आणि डाव्या नडगीत बसलं. पांढरं हाड मी स्वतः बघितलं. बापानं हळद दाबली आणि वर एक थोबाडीत दिली. म्हणाला, मनगट वळलं की पाय गेला, ध्यानात ठेव. ठेवलं. पंधरा वर्षं झाली, मनगट वळू दिलं नाही. आणि हा खेळ मला सांगत होता, वळव.

"काठीला धार न्हाई रे," माय म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

"तुला म्हाईत हाय. पायाला न्हाई."

तिनं भाकरीखालचं बारदान झटकलं, तीन पदरी घडी केली आणि माझ्या डाव्या नडगीला गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलं. तोडीत बायका बांधतात तसं. मला लाज वाटली. म्हाळू लांबनं बघत होता.

"आता मार. कोयता लागला तर बारदानाला लागंल."

मारला. टप्. बॉल सरळ उठला आणि डावीकडं असा फिरला की म्हाळू पोत्याजवळ आडवा झाला.

"अरं, मला मारायचं ठरलंय का?" तो पडल्या पडल्या म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत मारत राहिलो. दहातले चार डावीकडं वळत होते. चार उजवीकडंच जात होते. दोन लिंबात. मला तीनातले दोन पाहिजे होते. रात्रभर माझं मनगट पांघरुणाखाली वळत होतं आणि माय अंधारात म्हणाली, झोप आता, हात थकंल.

रविवारी साडेअकराला सरांची पांढरी गाडी गायरानात आली. सर लग्नाच्या कपड्यांत होते, बुटाला माती लागू नये म्हणून टाचा उचलून चालत होते. हा माणूस एके काळी आमच्यासारखाच कॅडी होता. आता त्याला टोपी आहे. बारदान मी पँटच्या आत बांधलं होतं. माय पदर घेऊन बांधाला उभी. परमेश्वर मोटारसायकलवर बसून तंबाखू मळत होता. उत्तर घ्यायला आला होता.

सरांनी लिंबाकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. "चांगलं मांडलंस. तीन बॉल. घाई करू नको."

पहिला बॉल. छाती एवढी वाजत होती की मला खोरं आठवेना, बारदान आठवेना. आठवला तो फक्त सिदू. खस्. कपाशी.

म्हाळू कपाशीकडं गेला नाही. बोललाही नाही. म्हाळू बोलला नाही म्हणजे काय समजायचं ते मी समजलो.

"अजून दोन आहेत," सर म्हणाले. पण घड्याळ बघितलं.

दोन्ही वळायला पाहिजे होते. मी डावा हात स्टिकवर जरा उजवीकडं फिरवून धरला, बोटांच्या तीन गाठी दिसेपर्यंत. उजवा पाय अर्धं पाऊल मागं घेतला. स्टिकचं तोंड लिंबाच्या उजवीकडं. डाव्या पायानं बारदान नडगीला घासून बघितलं, आहे. अंगाजवळनं काढला, बाहेर टाकला, पालथा केला.

टप्.

बॉल लिंबाच्या उजव्या अंगानं निघाला, वर गेला, आणि तिथं कुणी हाक मारल्यासारखा डावीकडं वळला. पोत्याच्या अलीकडं पडला. सरांनी टोपी मागं सारली.

आता एकच राहिला, आणि दुसरा बॉल चांगला गेल्यानं मला जास्त भीती वाटायला लागली. गमावायला काही नसतं तेव्हा हात हलका असतो. परमेश्वरनं तंबाखू तोंडात टाकली आणि मळणं थांबलं, तेवढाही आवाज मला आला. मनगट दाबायला लागलं. मला कळत होतं ते दाबतंय. मी थांबलो, मागं सरलो, पायाजवळची माती स्टिकनं उचलून डावीकडं पालथी केली. एकदा. दोनदा. सर म्हणाले, "हे काय करतोस?"

मारला.

बॉल उजवीकडनं निघाला आणि वळला, आणि वळतच राहिला. पोत्यावरनं डावीकडं, पार नाल्यात. मला वाटलं, संपलं.

"जास्त झाला," सर म्हणाले.

मी मान खाली घातली.

"जास्त झाला, पण वळला. न वळणाऱ्याला वळवणं अवघड असतं. जास्त वळणारा कमी करता येतो, तो मी करीन." मग त्यांची नजर खाली गेली. "पायाला काय झालंय?"

मी पँट वर केली. बारदान दाखवलं, सोडून खालचा वण दाखवला, आणि जे होतं ते सांगितलं. कोयत्याची धार, मनगट, खोरं. सरांनी वाकून तो वण बघितला.

"आपल्याकडं बीडची अकरा पोरं आहेत, सगळी ऊसतोडीच्या घरची," ते म्हणाले. "अकराही जणांचा बॉल उजवीकडं जातो. मी दहा वर्षं ओरडतोय. मला वाटायचं, तुम्ही लोक ऐकतच नाही."

तुम्ही लोक. मी ते गिळलं. तेव्हा गिळलं.

"एक तारखेला ये," सर म्हणाले. "स्टोअरच्या मागची खोली आहे. एक खाट बसते."

"दोन बसवू, सर. माय येणार हाय."

"नाही रे. एकट्यासाठीची खोली आहे ती. कमिटी फॅमिली ठेवू देत नाही."

बांधावरनं परमेश्वर म्हणाला, "मंग वैनी, सिदूसंगं धरतो तुमाला. पाचला तयार ऱ्हावा."

माय म्हणाली, "धर." एवढंच. जसं तिनं हे आधीच धरून ठेवलं होतं. मग मला म्हणाली, "तू जा. साहेबाला व्हय म्हण."

पण गिळलेलं वर आलं.

"सर, हे मला कळलं न्हाई," मी म्हणालो. "तुमाला बी कळलं न्हाई. हे हिला कळलं, पाठमोरी बसून, नुसत्या आवाजावरनं. त्या अकरा जणांचा हात कुठं आन् कावून दाबतोय ते तुमी दहा वर्षं ओरडलात तरी सांगणार न्हाईत, कारण तुमी ऊस फक्त रसाच्या ग्लासात बघितलाय. ही सांगंल. ही आली तर मी येतो. न्हाई तर सोमवारी आमी दोघं गाडीत बसतो. एक कोयता."

"गप बस," मायनं माझा दंड चिमटला. "मोठ्या माणसाला काय बी बोलतोस."

सरांचा चेहरा लाल झाला होता. "बघतो," ते म्हणाले.

"बघतो म्हंजी न्हाई, सर. सहा वर्षं ऐकतोय. फोन लावा. लिंबाखाली रेंज येती."

मला वाटलं आता गाडीत बसून निघून जातील. मीच माझ्या हातानं जागा घालवली. ते गाडीपर्यंत गेलेही. दारावर हात ठेवून उभे राहिले, मग वळले आणि टाचा न उचलता मातीतनं लिंबाकडं चालत गेले.

दहा मिनिटं इंग्रजीत बोलत होते. कधी हसायचे, कधी नुसतं येस, येस. मी मायकडं बघत नव्हतो. परमेश्वरनं मोटारसायकल चालू केली, परत बंद केली. म्हाळू नाल्यातनं तिसरा बॉल घेऊन आला आणि माझ्या हातात दिला, ओला होता.

सर आले. "तीन महिने. दोघं. तीन महिन्यांनी कमिटी परत बघणार. मध्ये एका मेंबरनं जरी तक्रार केली तर दोघंही बाहेर, आणि तेव्हा मी फोन लावणार नाही."

"चालतंय," मी म्हणालो.

सरांची गाडी तेलगावकडं गेली. परमेश्वर म्हणाला, "मंग तुमाला सोडून दुसरं जोडपं बघतो," आणि लिंबाखाली तंबाखूची पिंक टाकून निघाला. मायनं त्याला हाक मारली.

"मुकादम, कारखाना यंदा कवर चालंल?"

"मार्चपातुर. कावून?"

"इचारलं."

तिनं बोटांवर मोजलं. तीन म्हैने, म्हणजे संक्रांतीच्या म्होरं पंधरा दिवस. त्याच्या पुढं दोन महिने फड चालू असतात. तिनं माझ्या पायाजवळ पडलेलं बारदान उचललं, घासून ठेवलेले दोन्ही कोयते त्यात गुंडाळले आणि सुतळी बांधली.

"हे पुण्याला कशाला?" मी विचारलं.

"असू दे. वझं माझ्या डोक्यावर हाय, तुझ्या न्हाई." मग ते बोचकं खाली ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली. "पयला बॉल उजवीकडं कावून गेलता?"

"भेलतो."

"भेलतास ते दिसलं मला. मनगट कुठं धरलं व्हतंस, ते इचारायले."

मी ओला बॉल मातीवर ठेवला आणि स्टिक घेऊन परत उभा राहिलो.